मुलीचा खालचा जबडा मागे आहे: प्लेट आत्ता लावायची की दोन वर्षं थांबायचं?

मुग्धा_ठाणे
मंडळी, पोस्ट मोठी आहे, सांभाळून घ्या.
लेक साडेनऊची, चौथीत. वरचे पुढचे दात बाहेर, खालचा जबडा मागे. नुसती गप्प बसली तरी ओठ मिटत नाहीत, मुद्दाम मिटवले की हनुवटीवर सुरकुत्या पडतात. शाळेतल्या दंत तपासणीत चिठ्ठी आली म्हणून दाखवलं. पहिल्या डॉक्टरांनी मोजून ओव्हरजेट ८ मिमी सांगितला, म्हणजे वरचे दात खालच्यांच्या तेवढे पुढे, आणि म्हणाले ट्विन ब्लॉक नावाची प्लेट लगेच सुरू करू, जबडा वाढतोय तोवरच त्याचा उपयोग. दुसऱ्या मॅडम (त्याही एमडीएस ऑर्थो, म्हणजे दात-जबडा सरळ करण्यातल्या तज्ज्ञ) म्हणाल्या घाई नको, ११-१२ ला बघू, आत्ता केलं तर पुन्हा तारा लावायला यावंच लागेल, मग दोनदा कशाला. आता दोघंही शिकलेले, दोघंही बोलायला चांगले, मी मधल्यामध्ये लटकलेय.
सासूबाई म्हणतात आमच्याकडे सगळ्यांचे दात असेच, कुणाचं लग्न अडलं नाही. नवरा म्हणतो एक्सेल शीट कर.
ज्यांनी मुलांना ही वाढीच्या वयातली प्लेट लावलीय त्यांनी प्लीज सांगा, कितव्या वर्षी लावली, किती घातली, आणि फरक खरंच पडला का? नुसतं "डॉक्टरांना विचारा" नको, विचारूनच आलेय.

गावठी_मिसळ
एक्सेल शीट करा, पण नवऱ्यालाच करायला लावा. बाकी माझा पास.

अबोली_नाशिक
आमच्या चिरंजीवांना बाराव्या वर्षी ट्विन ब्लॉक लावला. दोन वेगवेगळ्या प्लेटा असतात, एक वर एक खाली, आणि दोन्हीवर अ‍ॅक्रिलिकचे तिरके ठोकळे. तोंड मिटलं की ते ठोकळे एकमेकांवर असे बसतात की खालचा जबडा पुढे सरकवूनच मिटावं लागतं, दुसरा मार्गच नाही. आधी दाताचं माप, मग मेणाचा एक पट्टा चावायला देतात, जबडा पुढे आणून. तो चावा नीट येईपर्यंत पोरगं आणि डॉक्टर दोघंही घामाघूम झाले होते.
पहिला आठवडा वाईट. जबड्याचे स्नायू दुखतात, लाळ गळते, वरणभातसुद्धा चावता येत नाही म्हणून मऊ खिचडी आणि शिरा चालू होता. स आणि श चं पार वाटोळं. त्यात गणपतीत अथर्वशीर्ष पठणाची स्पर्धा आली, बाईंनी प्लेट काढून म्हण सांगितलं तर हा पठ्ठ्या "डॉक्टरांनी काढायची नाही सांगितलंय" म्हणून तशीच घालून म्हणाला. उत्तेजनार्थ मिळालं.
फरक? सात-आठ महिन्यांत बाजूने काढलेला फोटो आधीच्या फोटोशेजारी ठेवला की कुणीही सांगेल. पण मग तारा लागल्याच, त्यातून सुटका नाही.

मुग्धा_ठाणे
अबोलीताई, थँक्यू! बाराव्या वर्षी का, आधी का नाही, हे काही बोलले होते का डॉक्टर?

अबोली_नाशिक
आम्ही दहाव्या वर्षीच गेलो होतो. तेव्हा मानेचा आणि जबड्याचा मिळून एक बाजूचा एक्स-रे काढला आणि म्हणाले अजून वाढीचा जोर सुरू झालेला नाही, दर सहा महिन्यांनी या. तेव्हा वाटलं टाळतायत.

दंतकथा
ऑर्थोडॉन्टिस्ट आहे, बरीच वर्षं याच कामात. तुमच्या मुलीला न बघता निदान करणार नाही, पण दोन डॉक्टर दोन गोष्टी का सांगतात ते सांगतो, कारण दोघंही खोटं बोलत नाहीयेत.
या ज्या फंक्शनल प्लेटा आहेत (ट्विन ब्लॉक, अ‍ॅक्टिव्हेटर, बायोनेटर, फ्रँकेल, हर्बस्ट वगैरे) त्या सगळ्यांची कल्पना एकच, जबडा पुढे धरून ठेवायचा आणि स्नायू आणि वाढ या दोघांकडून काम करून घ्यायचं. वाढ नसेल तर करून घ्यायला काही उरत नाही. म्हणून पालक विचारतात वय किती हवं, आणि आम्ही बघतो वाढ कुठे पोचलीय. मुलींमध्ये उंचीचा जोर साधारण ११-१२ ला, मुलांमध्ये १३-१४ ला. पण एकाच बाकावरच्या दोन मुलींमध्ये दोन-दोन वर्षांचा फरक असतो, रोज शाळेच्या गेटवर दिसतो तो. पाळी सुरू झाली म्हणजे मुलीचा हा जोर बहुतेक वेळा होऊन गेलेला असतो, हे आयांनी ध्यानात ठेवा, कारण "सगळे दुधाचे दात पडू दे, मग बघू" या सल्ल्यात नुकसान होतं ते मुलींचं.
अबोली यांनी सांगितलेला एक्स-रे म्हणजे लॅटरल सेफ. त्यात मानेचे मणके दिसतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्याची खालची कड सपाट असते ती खोलगट व्हायला लागली की जबड्याच्या वाढीचा जोर जवळ आला असं धरतात. काही जण हाताच्या मनगटाचा एक्स-रे बघतात. दोन्ही पद्धती शंभर टक्के नाहीत, एकाच एक्स-रेवर दोन डॉक्टरांचं एकमत होईलच असं नाही, म्हणून त्यासोबत उंची, मुलीची आई कधी वयात आली, हेही विचारतो.
आता पहिले डॉक्टर लवकर का म्हणाले असतील ते उद्या लिहितो, ओपीडी आहे.

तर्कट
मी उद्यापर्यंत थांबत नाही, उलटी बाजू आजच मांडतो :)
लवकर प्लेट लावण्यावर अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना आणि फ्लोरिडा आणि तिसरीकडे ब्रिटनमध्ये अशा मोठ्या चाचण्या झाल्यात, मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटून. ब्रिटनच्या चाचणीत ८ ते १० वर्षांची १७४ मुलं होती, काहींना ट्विन ब्लॉक लगेच, बाकीच्यांना नंतर. लगेच लावलेल्यांचे दात आत गेले, आयाबाप खूष. पण फरक मोजला तर त्यातला पाऊण हिस्सा दात झुकल्यामुळे, हाडाचा वाटा पावच. आणि तीच मुलं पुढे सगळे उपचार संपल्यावर बघितली तर उशिरा सुरू केलेल्यांपेक्षा जबड्यात काही वेगळं नाही. उलट लवकरवाल्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या जास्त, खर्च जास्त, आणि शेवटचा दातांचा चावा किंचित डावाच.
तर प्रश्न असा, दोन टप्प्यांची दोन बिलं कुणाच्या सोयीची?

सातारकर_दादा
तर्कट, तुमच्या प्रत्येक प्रतिसादात शेवटी बिल येतंच.

तर्कट
कारण प्रत्येक वेळी ते मीच भरतो.

खडीसाखर
माझं ऐका, ही सगळी आजकालच्या खाण्याची देणगी. पिझ्झा, पास्ता, मऊ मऊ. आमच्या वेळी ऊस दाताने सोलून खायचो, बाजरीची शिळी भाकरी, त्यामुळे जबडे असे भरलेले. मुलीला रोज ऊस द्या, डॉक्टरची गरज नाही.

गावठी_मिसळ
काका, तुमच्या वेळी सासूबाईंच्या घरात सगळ्यांचे दात पुढे होते असं धागाकर्तीने वरच लिहिलंय. त्यांनी ऊस कमी खाल्ला असणार.

वैशाली_फ्राईबुर्ग
जर्मनीतून लिहितेय. इकडे या प्लेटा फार जुन्या. इकडचा अनुभव म्हणजे विमा कंपनी ठरवते. दात किती पुढे ते मोजून श्रेणी लावतात, ६ मिमीच्या वर गेलं तर खर्च मिळतो, पण साधारण शेवटचे दुधाचे दात पडायला लागल्यावरच. ९ च्या वर असेल तर त्याआधी सुरू करायलाही परवानगी. आणि गंमत म्हणजे पहिल्या मुलासाठी २० टक्के आपण भरायचे, आणि उपचार शेवटापर्यंत पूर्ण केले तरच ते परत. माझ्या लेकाने मध्ये प्लेट घालायचा कंटाळा केला तेव्हा मी त्याला ते कागद दाखवले होते, म्हटलं हे पैसे बुडाले तर तुझ्या सायकलीचे. बरोब्बर घातली.

श्रीरंग_लेस्टर
इकडे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत (एनएचएस) १८ च्या आत फुकट, पण गरज सिद्ध झाली तर. ६ मिमीच्या वर ओव्हरजेट म्हणजे चौथी श्रेणी, ९ च्या वर पाचवी, दोन्ही बसतात. मुलीला बाराव्या वर्षी ट्विन ब्लॉक मिळाला. रंग निवडायला दिला, तिने चमकीवाला जांभळा घेतला, आता तो डब्यात पडलाय, टाकू देत नाही.

मुग्धा_ठाणे
चमकीवाला मिळतो?? हे लेकीला कळता कामा नये.

दंतकथा
आलो. तर्कट यांनी सांगितलेलं बरोबर आहे, आणि मी ते लपवत नाही, माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच ८-९ वर्षांच्या मुलांना मी परत पाठवतो. दात पुढे आणि जबडा मागे एवढंच असेल तर वाढीच्या जोराच्या सुमारास एकदाच सुरू करावं, प्लेट संपली की लागलीच तारा, असं आता बहुतेक जण मानतात. प्लेटने जबडा वाटेल तेवढा लांब होतो हे पालकांना सांगणं बंद व्हायला हवं. हाडात मिळतं ते एक-दोन मिलिमीटर, बाकी दात.
पण त्याच चाचण्यांमधून एक गोष्ट निघाली ती तर्कट विसरले. लवकर उपचार केलेल्या मुलांचे पुढचे दात पडून-आपटून तुटण्याचं प्रमाण कमी होतं. कोक्रेन (सगळ्या चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था) हिच्या आढाव्यातही लवकर करण्याचा ठोस फायदा म्हणून हाच एक उरला. साधारण दहा मुलांना लवकर लावलं तर एकाचा दात वाचतो असा हिशोब आहे. दहातला एक हा कमी की जास्त ते मूल बघून ठरतं. ओठ मिटत नसतील तर वरच्या दातांना पुढून संरक्षणच नाही, खालचा ओठ जर वरच्या दातांच्या मागे जाऊन बसत असेल तर तो त्यांना आणखी बाहेर ढकलत राहतो. त्यात मूल धडपडं असेल, स्केटिंग, कबड्डी, सायकल, तर मी वाट बघायला घाबरतो.
एक जुनी गोष्ट सांगतो. ट्विन ब्लॉक ज्यांनी बनवला ते स्कॉटलंडचे विल्यम क्लार्क. १९७७ मध्ये एका सहकारी डेंटिस्टचा आठ वर्षांचाही न झालेला मुलगा पडला आणि त्याचा वरचा पुढचा दात निखळला. दात परत जागेवर बसवला पण खालचा ओठ त्याच्यामागे अडकून त्याला सारखा ढकलत होता, म्हणून जबडा पुढे ठेवणारे हे ठोकळे त्यांनी केले. पहिला ट्विन ब्लॉकच मुळात दात वाचवायला म्हणून झाला.
दुसरं कारण चिडवणं. ब्रिटनच्या त्याच चाचणीत लवकर लावलेल्या मुलांना स्वतःबद्दल बरं वाटू लागलं होतं आणि चिडवाचिडवी कमी झाली होती. मोठं झाल्यावर दोन्ही गटांत तो फरक राहिला नाही हेही खरं, पण नववं ते बारावं ही वर्षं शाळेत काढायची मुलालाच असतात.
तेव्हा मुग्धाताई, तीन गोष्टी तुम्हीच बघा. झोपेत ओठ उघडे असतात का, तोंडाने श्वास घेते का. घेत असेल तर आधी कान-नाक-घसावाल्यांकडून नाकाच्या मागच्या गाठी म्हणजे अ‍ॅडेनॉइड बघून घ्या, नाक चोंदलेलं असताना प्लेट तोंडात टिकत नाही. अंगठा चोखते का. आणि पडते किती.

मुग्धा_ठाणे
अंगठा नाही. सर्दी कायम असते, घोरते पण. पडते म्हणाल तर गुडघे दाखवू का फोटो काढून? शाळेत "फावडं" म्हणतात हेही परवाच कळलं, तिने नाही सांगितलं, मैत्रिणीच्या आईने सांगितलं.

आक्का_सोलापूर
फावडं म्हणणाऱ्याच्या आईला फोन करा आधी. प्लेट नंतर.

निशिगंध
हा धागा बघून लिहावंसं वाटलं. आमच्या मुलीचं उलटं झालं. अकराव्या वर्षी दाखवलं तेव्हा आमच्या नेहमीच्या दवाखान्यात (ऑर्थो नाही, साधे डेंटिस्ट) सांगितलं की सुळे आणि मागच्या दाढा येऊ देत, १४ ला आणा. एक्स-रे नाही, उंची नाही, काही नाही. चौदाव्या वर्षी ऑर्थोकडे पाठवलं, त्यांनी मानेचा एक्स-रे बघून सांगितलं वाढ जवळपास संपली, प्लेटचा उपयोग नाही. आता दोन पर्याय, वरच्या दोन दाढा काढून दात आत घ्यायचे आणि जबडा आहे तसा, किंवा वाढ पूर्ण थांबल्यावर जबड्याचं ऑपरेशन. आम्ही पहिला घेतला. दात छान बसलेत, हनुवटी मात्र मागेच. तिला विचारलं तर म्हणते मला काही वाटत नाही, पण फोटोत बाजूने उभी राहत नाही.
म्हणून मुग्धा, थांबायचं असेल तर थांब, पण कुणाच्या तरी नजरेखाली थांब.

तर्कट
निशिगंध, वाचून वाईट वाटलं. आणि हो, माझ्या मुद्द्याला हे धरूनच आहे, लवकर नको म्हणजे उशिरा चालेल असं मी म्हटलेलं नाही.

कोल्हापुरी_रस्सा
आमचं वेगळंच आहे, खालचा जबडा पुढे. मुलगा सातचा असताना पुढचे खालचे दात वरच्यांच्या पुढे आले, आजोबांसारखीच ठेवण. मी असंच नेटवर वाचलं होतं की ११-१२ पर्यंत थांबावं आणि निवांत होतो. मग बहिणीने पाठवलं ऑर्थोकडे तर ते म्हणाले याला अजिबात थांबायचं नाही, यात वरचा जबडा पुढे ओढायचा असतो आणि तो लहानपणीच ऐकतो.
वरती टाळूत एक स्क्रूवाली प्लेट, रोज किल्ली फिरवायची, आणि बाहेरून फेसमास्क, कपाळावर एक पॅड, हनुवटीवर एक, मधून दांडी आणि तिला रबर अडकवायचे. घरी घालून बसला की धाकटी म्हणायची दादा विकेटकीपर झाला. शाळेत घालायचा नव्हता, संध्याकाळपासून सकाळपर्यंत. किल्ली फिरवताना मीच डोळे मिटायचो, तो शांत. पुढच्या दोन दातांत फट पडली तेव्हा घरात रडारड, डॉक्टर म्हणाले पडायलाच हवी, आपोआप मिटेल. मिटली.
आता दात सरळ चावतात. पण डॉक्टरांनी लिहून दिलंय की वाढ संपेपर्यंत खात्री नाही, आजोबांचा जबडा कधी जोर करेल सांगता येत नाही.

दंतकथा
रस्सा, हे लिहिलंत ते फार बरं झालं, नाहीतर हा धागा वाचून कुणीतरी उलट्या चाव्याच्या मुलालाही थांबवून ठेवलं असतं. खालचे दात पुढे असतील तर ७-८ लाच दाखवा, दहाच्या आत सुरू झालेलं चांगलं. ब्रिटनमध्येच फेसमास्कची चाचणी झाली, दहाच्या आतली मुलं. सहा वर्षांनी पुन्हा बघितलं तर फेसमास्क लावलेल्यांपैकी ३६ टक्क्यांना पुढे ऑपरेशन लागेल असं तज्ज्ञांना वाटलं आणि न लावलेल्यांपैकी ६६ टक्क्यांना. म्हणजे खात्री नाही, पण फरक मोठा आहे.
तसंच बाजूच्या दाढा उलट्या चावत असतील आणि त्यामुळे मूल जबडा एका बाजूला सरकवून तोंड मिटत असेल, तर तेही लवकर. अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टची संघटना सांगते की सातव्या वर्षी एकदा दाखवा. ते एवढ्यासाठीच, सातव्या वर्षी सगळ्यांना प्लेटा लावा असा त्याचा अर्थ नाही. तसा अर्थ काढणारी दुकानं आहेत, ते मला मान्य.

सातारकर_दादा
तर्कट, घ्या, डॉक्टरच तुमच्या बाजूने बोलले. पेढे वाटा.

रेवा_पुणे
मला कुणी तरी सांगा ते सिलिकॉनचे ट्रेनर, तासभर दिवसा आणि रात्री घालायचे, "तारा नकोत" म्हणून जाहिरात असते, ते कसे? आणि माझा तेरा वर्षांचा मुलगा यूट्यूब बघून जीभ टाळूला चिकटवून बसतो, म्हणतो जबडा बनतोय. दोन महिने झाले, बनलं काही नाही, फक्त बोलणं कमी झालंय.

गावठी_मिसळ
तेरा वर्षांचं पोर कमी बोलतंय? त्या यूट्यूबवाल्याचा पत्ता द्या, सत्कार करू.

दंतकथा
रेवा, ट्रेनर तयार मापाचे असतात, सवयी मोडायला थोडी मदत होऊ शकते, पण आठ-नऊ मिलिमीटर दात पुढे असताना त्याच्या भरवशावर वाढीची दोन वर्षं घालवू नका. जिभेच्या व्यायामाने जबडा पुढे येतो याला काही धड पुरावा नाही. करू दे, टाळूला इजा नाही.
ऊसाबद्दल कुणी विचारलं नाही पण सांगतो, मऊ खाण्याने पिढ्यानपिढ्या जबडे लहान होत गेले असावेत असं मानणारे अभ्यासक आहेत, त्यामुळे खडीसाखर काका अगदीच हवेत बोलत नाहीत. पण दहा वर्षांच्या मुलीच्या हातात ऊस देऊन जबडा पुढे येणार नाही, आणि साखरेचं काय करायचं ते वेगळंच.

खडीसाखर
पुरावा मिळाला. बस्स झालं माझं.

अबोली_नाशिक
एक प्रॅक्टिकल प्रश्न उरलाच, किती तास. आम्हाला जेवतानासुद्धा घालायला सांगितलं होतं, फक्त ब्रश आणि खेळताना काढायची. पोराने कसाबसा पाळलं. माझ्या नणंदेच्या मुलीला मात्र बारा तास पुरे सांगितलंय. कोण बरोबर?

दंतकथा
दोन्ही चालतं. जुन्या पद्धतीत २२-२४ तास. २०१९ मध्ये लंडनच्या एका चाचणीत १० ते १४ वयाच्या मुलांमध्ये १२ तास आणि २२ तास अशी तुलना केली, निकाल जवळपास सारखाच आला. मी आता शाळकरी मुलांना संध्याकाळ ते सकाळ सांगायला लागलोय, कारण बावीस सांगितले की मुलं सहा घालतात आणि बावीस सांगतात. बारा सांगितले तर निदान दहा होतात.
न घालणं हीच या प्लेटची मोठी अडचण. हर्बस्ट नावाची चिकटवलेली येते, ती मुलाला काढताच येत नाही. ब्रिटनमध्ये दोघांची तुलना केली तेव्हा ट्विन ब्लॉकवाल्यांपैकी ३३.६ टक्के मुलांनी उपचार अर्ध्यावर सोडले, हर्बस्टमध्ये १२.९ टक्के. पण हर्बस्ट तुटते जास्त आणि महागही पडते. म्हणून मूल तयार आहे का हे मी वयाइतकंच बघतो. आई तयार, मूल नाही, अशा केसमध्ये मी सहा महिने पुढे ढकलतो, जबड्यात जोर असेपर्यंत.

आक्का_सोलापूर
आमच्या नातवाने दोन प्लेटा हरवल्या. एक लग्नात टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवली, वाढप्याने ताटासकट उचलली. दुसरी कुत्र्याने खाल्ली. तिसरीच्या डब्याला त्याच्या आईने दोरी लावून दप्तराला बांधलाय.

सातारकर_दादा
कुत्र्याचे दात सरळ झाले का?

तर्कट
अवांतर संपलं असेल तर खर्चाचं बोलू. सगळ्यांना खासगी परवडत नाही. दंत महाविद्यालयांमध्ये ऑर्थो विभाग असतो, पदव्युत्तर विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली करतात. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय, मुंबई सेंट्रलचं नायर, नागपूरला शासकीय, गोव्यात बांबोळीला. खर्च बाहेरच्यापेक्षा बराच कमी. वेळ द्यावा लागतो, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, आणि मधला विद्यार्थी पास होऊन गेला की नवीन येतो ती तयारी ठेवा. माझ्या पुतण्याचं तिथेच झालं, उत्तम झालं.

दंतकथा
अनुमोदन. आम्ही सगळे तिथेच शिकलो.

निशिगंध
आणि दहावीचा हिशोबही धरा. आठवीत तारा लागल्या तर नववी संपेपर्यंत सुटतात. मुलांचा जोर उशिरा असतो त्यामुळे त्यांची तारा-दहावी हमखास एकत्र येते.

मुग्धा_ठाणे
उशीर झाला, मध्ये कान-नाक-घसावाल्यांकडे गेले होते. अ‍ॅडेनॉइड मोठे आहेत, आधी औषधं आणि नाकात फवारा देऊन बघतायत, मग पुढचं.
दुसऱ्या मॅडमकडे पुन्हा गेले आणि इथलं सगळं विचारलं. त्यांनी यावेळी लॅटरल सेफ काढला, पडद्यावर मणके दाखवले, दुसऱ्याची कड खोलगट व्हायला लागलीय, तिसऱ्याची अजून सपाट. म्हणजे जोर यायचाय. पण खालचा ओठ वरच्या दातांमागे जातो हे त्यांनाही यावेळी दिसलं, आणि तिच्या पुढच्या एका दाताच्या कडेला एक बारीक टवका गेलाय तोही, मला माहीतच नव्हता. त्यावर त्या जरा गप्प झाल्या. म्हणाल्या नाक मोकळं होऊ दे, तीन महिन्यांनी उंची मोजून या, तेव्हा ओठ तसाच अडकत असेल तर दहाव्या वर्षी लावू, दोन टप्पे होतील ते मान्य करून. तोवर स्केटिंगला माउथगार्ड, मापाचा करून घेतलाय.
दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने उंची लिहायला सुरुवात केलीय. नवऱ्याने त्याची एक्सेल शीट केली.

गावठी_मिसळ
शेवटी झालीच!

दंतकथा
हे योग्य वाटतं. ओठ आणि टवका, दोन्ही असताना मीही फार थांबलो नसतो. प्लेट लागली की पहिल्या आठवड्यात फोन करू नका, मुलगी रडेल, ते चालायचंच. दुसऱ्या आठवड्यातही दुखत असेल तर करा, ठोकळे थोडे घासून देता येतात.

आक्का_सोलापूर
मुग्धा, त्या फावडंवाल्याच्या आईला फोन केलास का?

मुग्धा_ठाणे
केला आक्का. तिच्याच मुलाला ऑक्टोबरपासून तारा लागतायत.

रेवा_पुणे
एक छोटा प्रश्न, लाळेने उशी भिजते त्याचं काय करता? नणंदेच्या मुलाची आत्ताच सुरू झालीय, घरात त्यावरच चर्चा.

अबोली_नाशिक
उशीवर जुना टॉवेल, रोज बदलायचा. दोन-तीन आठवड्यांत लाळ आपोआप कमी होते. आणि प्लेट गरम पाण्यात धुवू नका म्हणावं, वाकडी होते. साधं पाणी, मऊ ब्रश, थोडा साबण.